ताकाचिहोचा रात्रभराचा कागुरा, तिथली डोंगरशेती आणि गावातला मुक्काम : माहिती हवी आहे

वाळवंटीकाठ (साखळी)

सर्वांना नमस्कार.

येत्या डिसेंबरमध्ये मी, पत्नी आणि माझे ७१ वर्षांचे वडील असे तिघेजण दहा दिवसांसाठी जपानला जाण्याच्या विचारात आहोत. तोक्यो, क्योतो आणि फुजी पर्वत यांविषयीची माहिती सगळीकडे ढिगाने मिळते. माझा प्रश्न त्याबद्दलचा नाही.

वडिलांनी उमेदीची पस्तीस वर्षे जत्रांमधून दशावतारी काल्याला पेटीची साथ केली. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. एका घराच्या मोठ्या खोलीत दोऱ्या आणि कागदी कातरकाम यांनी आखलेल्या चौकोनात मुखवटे घातलेली माणसे ढोल-बासरीच्या साथीवर नाचत आहेत, भोवती गावची माणसे बसली आहेत, कोणी पीत आहे, कोणी मध्येच गाण्याची ओळ उचलत आहे आणि एक म्हातारा भिंतीला टेकून चक्क घोरत आहे. ती चित्रफीत वडिलांनी तीनदा पाहिली आणि मला विचारले, "हो खंयचो कालो रे?" शोध घेतल्यावर कळले की तो क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतातल्या ताकाचिहो या डोंगराळ गावचा योकागुरा आहे. तेव्हापासून घरात दुसऱ्या कोणत्याही सहलीचा विषय निघालेला नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. हा कागुरा गावचे देवकार्य असेल, तर आमच्यासारख्या परक्या माणसांनी तिथे जाऊन बसणे योग्य ठरेल का, आणि ठरत असेल तर कोणत्या रीतीने? हॉटेलात न राहता शेतकऱ्याच्या घरी दोन-तीन दिवस राहता येते असे वाचले आहे, परंतु वडिलांचे गुडघे जमिनीवरच्या अंथरुणाला साथ देतील असे वाटत नाही. पत्नी पूर्ण शाकाहारी आहे. वडील मासे खातात, मांस खात नाहीत आणि सोमवारी शिवराक (शाकाहारी) असतात. शेवटची गोष्ट म्हणजे, गावातले रोजचे जगणे, म्हणजे शेत, रान आणि पाणी, थोडे जवळून पाहण्याची माझी स्वतःची इच्छा आहे. केवळ घाटावरून छायाचित्रे काढून परतायचे नाही.

अंत्रुजमहाल (फोंडा, सध्या कुमामोतो)

वाळवंटीकाठ यांस,

मी गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त कुमामोतो येथे राहतो. ताकाचिहोला पाच वेळा गेलो आहे आणि त्यांपैकी दोनदा पूर्ण रात्र कागुराला बसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. "यो" म्हणजे रात्र आणि कागुरा म्हणजे देवांसाठी केलेले नृत्य. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ताकाचिहोतल्या निरनिराळ्या वाड्यांवर, बहुधा शनिवारी, एकेक रात्र हा विधी होतो. सुगीनंतर देवाचे आभार मानायचे आणि पुढच्या पिकासाठी मागणे मागायचे, हा त्याचा मूळ हेतू आहे. एकूण ३३ नृत्ये असतात. संध्याकाळी सुरुवात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळ बरीच वर येईपर्यंत ती चालतात. जपान सरकारने १९७८ मध्ये त्याला महत्त्वाच्या अमूर्त लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. नाचणारे लोक कलावंत म्हणून पोट भरणारे नाहीत. ते त्याच वाडीचे शेतकरी, सुतार, ग्रामकचेरीतले कारकून असतात आणि गावात त्यांना आदराने "होशादोन" म्हणतात. ज्या घरात विधी व्हायचा ते त्या रात्रीपुरते देवाचे घर होते. पूर्वी हा मान वाडीतल्या घरांकडे असे. आता बहुतेक ठिकाणी सामुदायिक सभागृहात कार्यक्रम होतो, कारण एवढी मोठी खोली असलेली आणि शे-दीडशे माणसांचे आदरातिथ्य पेलणारी घरे कमी होत चालली आहेत. आपल्या वडिलांनी पाहिले तसे घर मिळाले तर ते तुमचे भाग्य समजा.

प्रथम गावच्या देवळातून देवाला मिरवत आणले जाते. आपल्याकडे पालखी मांडावर आल्याशिवाय काल्याला सुरुवात होत नाही, तसेच हे. मध्यरात्रीच्या पुढे, सगळे पेंगुळलेले असताना, इझानागी आणि इझानामी हे दांपत्य दारू गाळण्याचा प्रसंग रंगवते. त्यात ते एकमेकांच्या अंगचटीला येतात, प्रेक्षकांत शिरून त्यांनाही मिठ्या मारतात आणि झोपलेली माणसे खडबडून हसू लागतात. काल्यात रात्र जड होऊ लागली की विनोदी सोंग कसे येते, हे वडिलांना सांगायला नकोच. पहाटे मात्र सगळ्यांचे चेहरे बदलतात, कारण तेव्हा गुहेची कथा येते. भावाच्या उच्छादाला कंटाळून सूर्यदेवता अमातेरासु गुहेत जाऊन बसते आणि जगात अंधार होतो. अमे-नो-उझुमे ही देवी गुहेसमोर नाचते, देव खदखदा हसतात, बाहेर एवढे काय चालले आहे म्हणून अमातेरासु डोकावते आणि बलदंड ताजिकाराओ शिळा बाजूला सारतो. ७१२ साली लिहून काढलेल्या कोजिकी या ग्रंथात ही कथा आहे. ताजिकाराओ शिळा उचलतो त्या सुमारास बाहेर डोंगरामागून खरोखरच उजेड यायला लागलेला असतो. हे मी दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा अंगावर काटा आला.

बाहेरच्या माणसाने जाण्यास बहुतेक वाड्यांवर हरकत नसते. कोणत्या तारखेला कोणत्या वाडीवर कागुरा आहे याची यादी दर वर्षी पर्यटन कार्यालयाकडून प्रसिद्ध होते. तिकीट नसते, देवापुढे ठेवायला शोचू या तिथल्या गाळीव दारूच्या बाटल्या किंवा पाकिटात घातलेली रोख रक्कम न्यायची असते. किती रक्कम शोभेल ते जिथे उतराल त्या यजमानांना विचारावे, ते संकोच न करता सांगतात. दोऱ्यांनी आखलेल्या चौकोनात कोणत्याही कारणाने पाय टाकू नये, छायाचित्रे काढताना प्रखर प्रकाश पाडू नये आणि बूट बाहेर काढताना कुठे ठेवले ते नीट लक्षात ठेवावे, कारण पहाटे चार वाजता दीडशे जोडांतून आपला जोड हुडकणे हा वेगळाच विधी आहे. थंडी अतिशय असते. रात्री पारा शून्याजवळ किंवा त्याखालीही जातो, आणि दारे सतत उघडत असल्याने खोली आतूनही गार असते. लोकरीचे मोजे दोन जोड आणि एक पातळ घोंगडी न्याच.

माझी एक सूचना आहे. ताकाचिहो देवळात वर्षभर रोज रात्री आठ वाजता ३३ पैकी चार नृत्ये तासाभरात दाखवतात. प्रवेशमूल्य १००० येन आहे. गावात पोहोचाल त्याच संध्याकाळी हे पाहून घ्या. कथा आणि मुखवटे ओळखीचे झाले की पूर्ण रात्रीचा कार्यक्रम समजणे सोपे जाते, आणि वडिलांना पूर्ण रात्र झेपली नाही तरी हात रिकामे राहत नाहीत.

इतर ठिकाणांविषयी थोडक्यात लिहितो. आसो ज्वालामुखीतून सुमारे १,२०,००० आणि ९०,००० वर्षांपूर्वी वाहत आलेल्या तप्त राखेचे खडक झाले आणि गोकासे नदीने ते कापून दरी तयार केली. तिच्यात १७ मीटर उंचीचा मानाई धबधबा आहे. दरी सुंदर आहे, गर्दीही तेवढीच आहे. मला स्वतःला अमा-नो-इवातो हे देऊळ अधिक भावले. नदीपलीकडच्या कड्यातली गुहा हेच तिथले दैवत असल्याने तिथे कोणी पाय ठेवत नाही. पुजाऱ्यासोबत देवळामागे जाऊन दुरूनच दर्शन घ्यायचे, आणि छायाचित्र काढण्यास मनाई आहे. २००५ च्या वादळात वाहून गेलेल्या आणि नंतर बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या एका तुकड्यावर आता उघडी गाडी चालवतात, ती नदीपासून १०५ मीटर उंचीच्या पुलावर नेतात. पावसात ती बंद असते.

येण्याचा मार्ग : फुकुओकापर्यंत विमानाने, तिथून कुमामोतोपर्यंत वेगवान रेल्वेने आणि पुढे सुमारे तीन तास बसने. ही बस दिवसातून मोजक्याच वेळा असते, त्यामुळे विमानाची वेळ तिच्याकडे पाहून ठरवा.

पर्वरीचा_पथिक (पर्वरी)

वाळवंटीकाठ, इतक्या आडवळणाला वृद्ध वडिलांना नेण्यापेक्षा आपण शिराकावा-गोचा विचार का करत नाही? जाड गवती छपरांची उंच घरे, भोवती बर्फ, १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले गाव. त्यांतल्या काही घरांत मुक्कामही करता येतो, आणि नागोया किंवा कानाझावा येथून थेट बस असते. आम्ही जानेवारीत गेलो होतो. इतके देखणे गाव मी दुसरे पाहिलेले नाही. ग्रामीण जपान पाहायचा तर सोयीने पाहावा, असे माझे मत आहे.

सत्तरीची_लेक (वाळपई)

पर्वरीचा पथिक यांच्या मताचा आदर राखून लिहिते की प्रश्नकर्त्यांनी देखणे गाव विचारलेले नाही. त्यांच्या वडिलांनी काला ओळखला आहे. शिराकावा-गो मीही पाहिले आहे. दुपारच्या वेळी तिथे गावकऱ्यांपेक्षा बसमधून उतरलेली माणसे अधिक असतात. घरे अस्सल आहेत यात शंका नाही, परंतु तिथे आपण प्रेक्षकच राहतो.

मी शेतीविषयाची शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी एका अभ्यासगटाबरोबर ताकाचिहोला आणि तिथून पुढे शिइबा या गावी गेले होते, म्हणून रान आणि शेत या भागाविषयी मी लिहिते.

ताकाचिहो, हिनोकागे, गोकासे, मोरोत्सुका आणि शिइबा या पाच गावांची मिळून जी डोंगरशेती आणि वनशेती आहे, तिला २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. हे वाचून मी गेले ती काहीतरी भव्य पाहायला मिळेल अशा अपेक्षेने, आणि पाहिले काय, तर पाट! आपल्या कुळागरांत ओहोळाचे पाणी पाटाने पोफळींच्या मुळाशी नेतात, तेच तंत्र तिथे डोंगराच्या कंबरेवरून मैलोगणती फिरवलेले आहे. अशा पाटांची एकूण लांबी ५०० किलोमीटरहून जास्त भरते आणि त्यांवर सुमारे १८०० हेक्टर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती उभी आहे. पाणी कोणत्या चोंढीत कधी सोडायचे, पाटातला पाला कोणी काढायचा, पावसाळ्यानंतरची डागडुजी कोणत्या घरांनी करायची, हे वाडी ठरवते. आमच्या यजमानांनी मला पाटाकाठून पाऊण तास चालवले आणि एका जागी थांबून दाखवले की इथे आजोबांनी खडक फोडला होता. कागुरा ज्या वाडीचा, तीच वाडी पाटाची. ती तुटली तर दोन्ही तुटतील, असे ते म्हणाले. तरुण माणसे शहरात जात आहेत, ही काळजी त्यांच्या बोलण्यात आपल्या गावांइतकीच होती.

शिइबामध्ये मला भेटली ती कुमेरी. होय, आपल्या सत्तरीच्या डोंगरांतली, जिच्याविषयी आजी सांगत असे आणि जिच्यावर पुढे निर्बंध आले, ती. जपानी भाषेत तिला याकिहाता म्हणतात. रानाचा एक तुकडा तोडून जाळायचा. पहिल्या वर्षी सोबा म्हणजे कुट्टू, दुसऱ्या वर्षी हिए हे बारीक भरडधान्य, तिसऱ्या वर्षी लाल चवळीसारखे दिसणारे अझुकी आणि चौथ्या वर्षी सोयाबीन घ्यायचे. मग तो तुकडा वीस-तीस वर्षांसाठी रानाला परत करायचा. आमच्याकडे कुमेरीची नाचणी घेतल्यावर जागा सोडून देत, तोच हिशेब, फक्त इथे तो पुस्तकात गेला आणि तिथे अजून मातीत आहे. जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचा पाया घालणारे यानागिता कुनिओ १९०८ मध्ये शिइबात आले होते आणि तिथल्या रानडुकरांच्या शिकारीच्या चालीरीती त्यांनी टिपून घेतल्या. ताकाचिहोपासून शिइबापर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने सुमारे दोन तास लागतात. डिसेंबरमध्ये याकिहाता पाहायला मिळणार नाही, जाळणी उन्हाळ्यात असते. तरी सोबा खायला मिळेल.

मोरोत्सुका या गावी अळंबी लावतात. ओकच्या जातीच्या झाडांचे ओंडके कापून त्यांत शिइताकेचे बीज भरतात आणि ते रानातल्या सावलीत टेकवून ठेवतात. त्या ओंडक्यांच्या रांगांमधून चालताना मला आपल्या रोयणींवर (वारुळांवर) पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्यांची आठवण आली, आणि आपण ती लावत नाही, केवळ ओरबाडतो, याचीही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. अंत्रुजमहाल यांनी नियम सांगितले आहेत, ते पाळावेतच. त्यांची एक तासाच्या कार्यक्रमाविषयीची सूचना मात्र मला पटली नाही. पौषात आमच्या मांडावर धालो, म्हणजे बायकांची रात्रीची नाच-गाणी, होतात, तेव्हा हल्ली काही लोक येतात, दहा मिनिटे चित्रण करतात आणि "झाले का?" म्हणून विचारतात. रात्रीचा विधी रात्रभर असतो, कारण कंटाळा, थंडी, झोप, भूक हे सगळे त्यात धरलेले असते. वडिलांनी पस्तीस वर्षे पेटी वाजवली आहे. त्यांना आधी तासाभराची चव दाखवण्याची गरज नाही. त्यांना वाडीवर न्या, दमले तर कोपऱ्यात झोपू द्या. चित्रफितीतल्या त्या म्हाताऱ्याला कोणी उठवले नव्हते.

वाळवंटीकाठ (साखळी)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अंत्रुजमहाल आणि सत्तरीची लेक या दोघांची उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. इझानागी-इझानामीच्या सोंगाचे वर्णन ऐकून ते बराच वेळ हसत होते. तासाभराच्या कार्यक्रमाविषयी ते म्हणाले की नाटक कंपनीचा माणूस तालीमही पाहतो आणि प्रयोगही पाहतो, तेव्हा दोन्ही पाहू.

दोन शंका राहिल्या. जुलैमध्ये माझे काका वारले. आमचे सुतक केव्हाच फिटले, परंतु तिकडच्या देवकार्यात अशा घरच्या माणसांनी बसणे चालते का? दुसरे म्हणजे, मी स्वतः मोटार चालवावी का? जेवणाविषयी अद्याप कोणी लिहिले नाही. पत्नीने ते दोनदा लक्षात आणून दिले आहे.

रांधणीघर (म्हापसा)

जेवणाविषयी मी लिहिते. माझे यजमान मासळी खातात आणि मी खात नाही. आम्ही दोघांनी क्यूशूत तीन आठवडे काढले आहेत, त्यामुळे आपली अडचण मला नेमकी ठाऊक आहे.

आपल्या वडिलांची चिंता करू नका. गावात भात, मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे) सार, लोणची, शिजवलेल्या भाज्या आणि मिठात भाजलेला यामामे हा नदीतला मासा असे जेवण रोज असते. भात चिकट असतो. उकड्या तांदळाची सवय असलेल्या माणसाला चार दिवसांनी पेजेची आठवण येतेच. त्यावर मियाझाकीचा हियाजिरु हा उतारा आहे : भाजलेला मासा, तीळ आणि मिसो एकत्र वाटून त्यात गार पाणी, काकडी आणि टोफू घालतात आणि ते भातावर ओततात. हा उन्हाळ्यातला पदार्थ, पण मियाझाकीतल्या काही खानावळींत तो वर्षभर मिळतो. वडिलांना हुमण मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. डोंगरात नारळ कुठला!

खरी अडचण आपल्या पत्नीची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दाशी नावाचे जे पाणी साऱ्या जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असते, ते बहुधा कात्सुओबुशीचे, म्हणजे ट्यूनाच्या कुळातला मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवून काढलेल्या पातळ काचऱ्यांचे असते. त्यामुळे ताटात मासा नसला तरी सारात, भाजीत आणि सोब्याच्या रश्शातही तो असतो. "मी मांस खात नाही" एवढे सांगितल्यास यजमान आनंदाने मासे वाढतात. "मासे खात नाही" म्हटले तर भाजी दाशीत शिजवून आणतात, आणि त्यांत त्यांचा काही दोष नसतो, कारण त्यांच्या दृष्टीने ती भाजीच असते. उपाय असा की मुक्काम ठरवतानाच जपानी भाषेत लिहून कळवावे की माशाची दाशी चालत नाही, कोम्बु हे समुद्रातले शेवाळ आणि सुकवलेली शिइताके यांची दाशी चालते. बौद्ध मठांतला स्वयंपाक याच दोन गोष्टींवर चालतो, त्यामुळे हे मागणे त्यांना विचित्र वाटत नाही. शिइताके तर त्यांच्याच रानातली. आमच्या यजमानीण बाईंनी माझ्यासाठी वेगळे पातेले ठेवले होते आणि रोज संध्याकाळी झाकण उचलून मला आतले शेवाळ दाखवत असत, माझी खात्री पटावी म्हणून.

पत्नींना कोन्याकु अवश्य खाऊ द्या. हा थरथरणारा करडा पदार्थ आपल्या सुरणाच्या सख्ख्या भावाचा असतो. कंदाचे पीठ चुन्याच्या निवळीने बांधतात. सुरणाची खाज जावी म्हणून आपण सोलां घालतो, ते चुना घालतात. चहाही तिथला निराळा. जपानमध्ये हिरव्या चहाची पाने बहुतेक ठिकाणी वाफवतात. ताकाचिहो आणि गोकासे येथे ती तापलेल्या लोखंडी कढईत परततात. त्याला कामाइरिचा म्हणतात. वास खमंग, तुरटपणा कमी. मी दोन किलो आणला आणि तो दिवाळीपर्यंतही पुरला नाही.

एक विषयांतर करते, क्षमा असावी. नोबेओकाकडून आलेला "चिकन नानबान" हा पदार्थ मियाझाकीत सगळीकडे दिसेल. तळलेली कोंबडी व्हिनेगरात बुडवतात. "नानबान" म्हणजे दक्षिणेकडून आलेले रानटी लोक, आणि हे नाव त्यांनी ठेवले होते ते पोर्तुगीजांना. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून क्यूशूतल्या कागोशिमाला उतरले होते. पावालाही जपानीत "पान" म्हणतात, तो शब्दही त्याच जहाजांतून गेला. वडील कोंबडी खाणार नाहीत, परंतु व्हिनेगराचा वास ओळखीचा वाटेल.

अंत्रुजमहाल (फोंडा, सध्या कुमामोतो)

सुतकाविषयी : शिंतो रिवाजात घरात मृत्यू झाल्यास साधारण ५० दिवस देवळाच्या तोरीखालून, म्हणजे प्रवेशकमानीखालून, जात नाहीत. आपल्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटला आहे. नाचणाऱ्यांची आणि यजमान घराची पथ्ये याहून कडक असतात, पाहुण्याला ती लागू नाहीत. तरीही मनात शंका असेल तर यजमानांना आधी सांगून टाका. विचारलेले त्यांना आवडते.

मोटारीविषयी : आपल्या वाहतूक खात्याकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो आणि तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात. परंतु डिसेंबरमध्ये डोंगरात पहाटे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरतो, तो दिसत नाही, आणि रात्रभर जागून परतताना तर मुळीच नाही. चोर्ल्याचा घाट चालवल्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, हे मी एकदा शेताच्या बांधावर चाक चढवून शिकलो आहे. ताकाचिहोत बसने या. कागुराच्या रात्री ने-आण करण्याची सोय काही यजमान स्वतः करतात, नाहीतर टॅक्सी आधी ठरवून ठेवा. शिइबाला जायचेच असेल तर हिवाळी टायर लावलेली गाडी भाड्याने घ्या आणि उन्हात निघा.

वडिलांच्या गुडघ्यांसाठी : लहान घरगुती मुक्कामांपैकी काहींत एक-दोन खोल्यांत पलंग असतो, आरक्षण करताना तसे स्पष्ट मागा. कागुराच्या ठिकाणी बुटके स्टूल मागितल्यास देतात, गावचे म्हातारेही त्यावरच बसतात. कागुराच्या शनिवारी गावातल्या खोल्या फार आधी भरतात, म्हणून तारखांची यादी येताच पहिल्याच आठवड्यात पत्र पाठवा.

आणखी एक गोष्ट वडिलांच्या नजरेस आणून द्या. त्या गावांत घरांच्या दारांवर भाताच्या पेंढ्याची जाड वळलेली दोरी, शिमेनावा, वर्षभर टांगलेली दिसते. इतर जपानमध्ये ती नववर्षापुरती लावून उतरवतात. ताकाचिहोत पुढच्या वर्षापर्यंत तशीच ठेवतात. तिला सात, पाच आणि तीन अशा पेंढ्याच्या लडी लोंबत असतात. त्या आकाशातल्या देवांच्या सात पिढ्या, भूमीवरच्या पाच आणि या ह्युगा (मियाझाकीचे जुने नाव) प्रांतातल्या तीन पिढ्या दर्शवतात असे सांगतात. पेंढा हिरवा राहावा म्हणून भात पोटरीला येण्याआधीच कापतात, म्हणजे तेवढे धान्य सोडून देतात. आपल्याकडे नव्या कणसांची तोरणे लावतात, हे त्याच्या उलटे झाले.

वाळवंटीकाठ (साखळी)

सगळ्या शंका फिटल्या. आरक्षणाचे पत्र जपानीत लिहून देण्याची विनंती अंत्रुजमहाल यांना खासगी निरोपाने पाठवत आहे, रांधणीघर यांनी सांगितलेल्या दाशीच्या मजकुरासह. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारचा विचार आहे. रविवारी दुपारी परत येऊन झोपायचे आणि सोमवारी, वडिलांच्या शिवराकाच्या दिवशी, शिइबाचा सोबा कोम्बुच्या दाशीत मिळाला तर खायचा, असा बेत आहे.

वडिलांचा एक प्रश्न मात्र मला सोडवता आला नाही. देवापुढे शोचूऐवजी आपल्या घरची काजूची फेणी ठेवली तर चालेल का, असे ते विचारतात.

अंत्रुजमहाल (फोंडा, सध्या कुमामोतो)

निरोप मिळाला, पत्र रविवारपर्यंत लिहून देतो.

फेणी अवश्य आणा. प्रौढ माणसाला तीन बाटल्या जकातीशिवाय आणता येतात. देवापुढे मात्र तिथलेच शोचू ठेवा, ते गावच्या दुकानात वर कागद बांधून, नाव घालून तयार मिळते. फेणी यजमानांच्या हाती द्या. शोचूही भट्टीतून गाळलेलीच दारू असल्याने ती काय आहे ते त्यांना लगेच कळेल, आणि मध्यरात्री हिरव्या बांबूच्या नळकांड्यात विस्तवाजवळ गरम केलेली काप्पोझाके फिरू लागली की कोणीतरी ती फेणीही नळकांड्यात ओतून पाहीलच. बाटलीचे बूच मेणाने बंद करून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून मग सामानात घाला. माझी एकदा फुटली होती, आणि कुमामोतोतल्या माझ्या कपाटाला अजून वास येतो.